अमेरिकेच्या इतिहासाची मूळ साधने : चेरोकी हद्दपारीच्या कागदपत्रांवरून काही विचार

अमेरिकेच्या इतिहासातील प्रसंग आपल्या प्रवचनांतून व धर्मशिक्षणाच्या वर्गांतून जितक्या वेळा सांगितले जातात, तितक्या वेळा ते पारखून घेतले जातात असे म्हणता येणार नाही. अब्राहम लिंकन यांची विनम्रता, गुलामांची सुटका, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा अहिंसक लढा, ही उदाहरणे श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. तितकीच परिचयाची आणखी एक गोष्ट म्हणजे सिअ‍ॅटल नावाच्या इंडियन नायकाने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांना पाठविले म्हणून सांगितले जाणारे पत्र. भूमी ही माणसाच्या मालकीची वस्तू नव्हे, हा विचार मांडताना या पत्राचा आधार आवर्जून घेतला जातो. परंतु हे पत्र मुळात कोणी, कधी व कोठे पाहिले, असा साधा प्रश्न विचारला की मिळणारे उत्तर विचार करावयास लावणारे आहे.

सिअ‍ॅटल यांच्या १८५४ च्या सुमारास झालेल्या भाषणाचा पहिला छापील वृत्तान्त डॉ. हेन्री स्मिथ यांनी २९ ऑक्टोबर १८८७ रोजी 'सिअ‍ॅटल संडे स्टार' या वृत्तपत्रात दिला. म्हणजे भाषण आणि छपाई यांत तीस वर्षांहून अधिक अंतर पडले. त्यातही आज जो मजकूर 'पत्र' म्हणून वाचला जातो, तो बव्हंशी टेड पेरी या लेखकाने १९७२ सालच्या 'होम' या चित्रपटाच्या संहितेसाठी रचलेला आहे. हा चित्रपट अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळींच्या नभोवाणी व दूरचित्रवाणी विभागाने काढला होता. संहितालेखकाचे नाव पडद्यावर न आल्यामुळे ते शब्द सिअ‍ॅटल यांचेच होत असा समज पसरला. पुढे १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'प्रोलॉग' या नियतकालिकाने या प्रकरणाचा शोध प्रसिद्ध केला. असे पत्र अथवा असे भाषण सरकारी दप्तरात कोठेही नोंदलेले आढळत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. विचार उदात्त आहे म्हणून त्याखालील खोटी सही खरी ठरत नाही. आणि खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण ज्यांना शिकवितो त्यांच्यासमोर तर ती मुळीच चालू नये.

प्रस्तुत लेखाचा हेतू असा की अमेरिकेच्या इतिहासाची मूळ साधने आज कोठे पाहावयास मिळतात, ती कशी शोधावीत, आणि हाती आल्यावर त्यांना कोणते प्रश्न विचारावेत, याची माहिती आमच्या धर्मबंधूंना व धर्मशिक्षकांना करून द्यावी. नुसती यादी देण्यापेक्षा एकच खरे प्रकरण घेऊन त्याच्या कागदांमागे जाणे अधिक उपयुक्त होईल असे आम्हांस वाटते. असे प्रकरण म्हणून चेरोकी लोकांची १८३० ते १८३९ या काळातील हद्दपारी आम्ही निवडली आहे. त्यात शासन, न्यायालय, वृत्तपत्र आणि मिशन या चारही ठिकाणचे कागद एकत्र येतात. आणि त्यातील मिशन आपल्या मराठी ख्रिस्ती समाजास अपरिचित नाही.

१. बखर आणि कागद

मूळ साधन म्हणजे काय, हे मराठी वाचकास वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे ही माला २२ खंडांपर्यंत नेली. गावोगावची दप्तरे धुंडाळताना त्यांचा आग्रह हा होता की घटनेनंतर पुष्कळ काळाने रचलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळी लिहिलेला अस्सल कागद अधिक विश्वसनीय मानावा. हाच भेद अमेरिकेच्या इतिहासासही लागू आहे. करार, न्यायनिवाडा, त्या दिवशीचे वृत्तपत्र, रोजनिशी, खाजगी पत्र, जनगणनेची यादी, अर्ज व त्यावरील सह्या, ही साधने होत. या सर्वांवरून मागाहून लिहिलेले चरित्र वा पाठ्यपुस्तक हे कितीही उत्तम असले तरी साधन नव्हे; ते साधनांवरील भाष्य होय.

राजवाडे यांना ज्या कामासाठी पायपीट करावी लागली, ते अमेरिकेच्या बाबतीत आता बेळगाव, इंदूर किंवा मडगाव येथे बसून पुष्कळ अंशी करता येते. मात्र पायपीट वाचली म्हणजे पारख वाचली असे नव्हे.

२. कागद कोठे आहेत

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९० सालापासून आपल्या संग्रहातील कागदपत्रांच्या प्रतिमा संगणकावर आणण्यास आरंभ केला. आज तिच्या संकेतस्थळावर अनेक राष्ट्राध्यक्षांची हस्तलिखित पत्रे, काँग्रेसच्या जुन्या कामकाजाचे वृत्तान्त, सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचे खंड, नकाशे व छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. याच संस्थेने नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या संस्थेच्या साहाय्याने २००७ साली 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह खुला केला असून त्यात दोन कोटींहून अधिक पाने आहेत.

सरकारी दप्तर मात्र नॅशनल आर्काइव्ह्ज या निराळ्या संस्थेकडे असते. ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. इंडियन राष्ट्रांशी झालेले व मान्यता मिळालेले ३७४ करार तिच्याकडे आहेत आणि त्यांच्या मूळ प्रतींच्या प्रतिमा आता सर्वांस खुल्या आहेत. याखेरीज वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफर्सन, मॅडिसन आदी राष्ट्रनिर्मात्यांचा पत्रव्यवहार २०१३ सालापासून 'फाउंडर्स ऑनलाइन' या ठिकाणी संपादित स्वरूपात वाचता येतो. जुनी छापील पुस्तके व नियतकालिके 'हाथीट्रस्ट' आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' या दोन भांडारांत आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील खंड भारतातूनही विनामूल्य उघडतात.

यावरून शोधाची पहिली पायरी ध्यानात यावी. संगणकाच्या शोधचौकटीत विषयाचे नाव घालून जे समोर येईल ते उचलणे म्हणजे बाजारात उभे राहून पहिल्या भेटणाऱ्यास साक्षीदार मानणे होय. त्याऐवजी आधी असा प्रश्न करावा की ही घटना घडताना कागद कोणी तयार केला असेल? तो करार असेल तर सरकारने, खटला असेल तर न्यायालयाने, वाद असेल तर वृत्तपत्राने, धर्मकार्य असेल तर मिशनने. ज्याने कागद केला त्याच्या वारसाकडे तो असण्याचा संभव अधिक. ही दिशा ठरली म्हणजे निम्मे काम झाले.

३. एका खटल्याचे दप्तर

चेरोकी लोकांचा प्रदेश आजच्या जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत पसरला होता. सेकोया नावाच्या चेरोकी गृहस्थाने १८२१ सालापर्यंत आपल्या भाषेसाठी अक्षरमाला तयार केली. १८२७ साली चेरोकी राष्ट्राने लिखित राज्यघटना स्वीकारली, आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या राजधानीतून 'चेरोकी फीनिक्स' हे द्विभाषी वृत्तपत्र निघाले. इलायस बूडिनॉट हे चेरोकी ख्रिस्ती तरुण त्याचे संपादक होते, आणि अमेरिकन बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांनी त्याच्या टंकांची व छपाईची व्यवस्था करण्यास साहाय्य केले होते.

याच सुमारास त्या भूमीत सोने सापडले. जॉर्जिया राज्याने चेरोकी प्रदेशावर आपले कायदे लादले आणि २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी इंडियन स्थलांतर कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात हे विधेयक १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी संमत झाले होते. विरोध करणाऱ्यांत अमेरिकन बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स हे अग्रभागी होते. त्यांनी 'विल्यम पेन' या टोपणनावाने १८२९ साली २४ निबंध लिहून जुन्या करारांचे स्मरण राष्ट्रास करून दिले.

जॉर्जियाने मग असा कायदा केला की चेरोकी प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाने राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढावा. वूस्टर व डॉ. एलायझर बटलर यांनी ते नाकारले. सप्टेंबर १८३१ मध्ये अकरा जणांस चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. नऊ जण माफी घेऊन सुटले, हे दोघे मिलेजव्हिलच्या तुरुंगात गेले. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी राष्ट्र हा स्वतंत्र समुदाय असून तेथे जॉर्जियाचे कायदे चालू शकत नाहीत. तरीही जॉर्जियाने त्यांना सोडले नाही.

या प्रकरणाचे कागद पाहू गेल्यास पुढीलप्रमाणे मिळतात. निवाड्याचा पूर्ण पाठ लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या निवाड्यांच्या खंडांत आहे. जॅक्सन यांची पत्रे त्याच संस्थेच्या हस्तलिखित संग्रहात आहेत. 'चेरोकी फीनिक्स'चे अंक जॉर्जियाच्या डिजिटल ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात ठेवले आहेत. मिशनऱ्यांची पत्रे बोर्डाच्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात छापलेली असून त्यांची मूळ हस्तलिखिते हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. म्हणजे शासन, न्यायालय, चेरोकी राष्ट्र आणि मिशन या चौघांचीही साक्ष आज काढता येते. इतकी सोय झाल्यावर एकाच साक्षीदाराच्या तोंडून गोष्ट सांगण्यास सबब उरत नाही.

४. एक वाक्य आणि एक आकडा

मूळ साधने उघडल्याने काय लाभ होतो, याची दोन उदाहरणे देतो.

मार्शल यांनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणून दाखवावा, अशा आशयाचे उद्गार जॅक्सन यांच्या नावावर असंख्य पुस्तकांत छापलेले आढळतात. ते कोठून आले याचा माग घेतला तर आपण होरेस ग्रीली यांच्या १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापाशी येऊन थांबतो. मॅसॅच्युसेट्सचे एक प्रतिनिधी ब्रिग्ज यांच्याकडून आपण हे ऐकले, असे ग्रीली सांगतात. म्हणजे निकालानंतर ३२ वर्षांनी छापलेली, तीही ऐकीव, अशी ही साक्ष आहे. उलटपक्षी जॅक्सन यांनी एप्रिल १८३२ मध्ये आपले मित्र जॉन कॉफी यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे, आणि त्यात न्यायालयाचा निर्णय मृतजात ठरला असल्याचे ते म्हणतात. वृत्ती तीच, परंतु शब्द निराळे आणि संदर्भही निराळा. जॉर्जियाने निकाल मानला नाही हे अधिकृतपणे पुढे येण्यास न्यायालयाची पुढील बैठक भरणे आवश्यक होते, आणि ती जानेवारी १८३३ पर्यंत भरणार नव्हती. राष्ट्राध्यक्षाने तोंडावर आव्हान दिले, ही नाट्यमय कथा गळून पडते. तिच्या जागी एक अधिक सामान्य आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे सत्य उभे राहते : राष्ट्राध्यक्षाने न्यायालयाला उघड आव्हान दिले नाही, केवळ दिवस जाऊ दिले.

दुसरे उदाहरण आकड्याचे. डिसेंबर १८३५ मध्ये बूडिनॉट व त्यांच्या अल्पसंख्य पक्षाने न्यू इकोटा येथे सरकारशी करार करून पन्नास लक्ष डॉलरांच्या मोबदल्यात सर्व प्रदेश सोडून दिला. प्रमुख जॉन रॉस यांनी त्यास विरोध केला आणि हजारो चेरोकींच्या सह्यांचे अर्ज काँग्रेसकडे गेले. तथापि मे १८३६ मध्ये सेनेटने केवळ एका मताच्या फरकाने करार मान्य केला. १८३८ च्या उन्हाळ्यात सैन्याने माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले, आणि त्या वर्षाच्या शरद ऋतूपासून पुढील वसंतापर्यंत ते पश्चिमेकडे चालत गेले. या 'अश्रूंच्या वाटे'वर चार हजार माणसे मरण पावली, असे सर्वत्र सांगितले जाते.

हा आकडा कोणाचा? तो प्रामुख्याने डॉ. एलायझर बटलर यांच्या अंदाजावर उभा आहे; तेच बटलर, जे तुरुंगात गेले होते आणि पुढे वैद्य म्हणून एका तांड्याबरोबर चालत गेले. ही प्रत्यक्षदर्शीची साक्ष आहे, म्हणून तिला मोल आहे; परंतु ती एका माणसाची अटकळ आहे, मोजदाद नव्हे. चेरोकी लोकसंख्याशास्त्रज्ञ रसेल थॉर्नटन यांनी १९८४ साली लोकसंख्येच्या हानीचा विचार करून याहून पुष्कळ मोठा आकडा सुचविला. तेव्हा आकडा सांगताना 'बटलर यांच्या अंदाजाप्रमाणे' एवढे शब्द जोडल्यास त्याची करुणता तिळमात्र कमी होत नाही, आणि सांगणाऱ्याची विश्वासार्हता मात्र वाढते.

५. मिशनचा कागद कसा वाचावा

धर्मगुरूंच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत नाजूक भाग पुढे आहे. वूस्टर आणि बटलर यांनी तुरुंग पत्करला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. १८३२ च्या अखेरीस बोर्डाच्या कार्यकारी समितीने या दोघांना खटला पुढे न चालविण्याचा सल्ला दिला. त्या वेळी साउथ कॅरोलायना आणि केंद्र सरकार यांच्यात तीव्र संघर्ष उभा राहिला होता आणि राष्ट्र फुटेल अशी भीती अनेकांस वाटत होती. १४ जानेवारी १८३३ रोजी दोघांची मुक्तता झाली. ज्या खटल्याच्या आधारे चेरोकी राष्ट्र न्यायालयाच्या दारात पुन्हा उभे राहू शकले असते, तो खटला याबरोबर संपला. पुढे वूस्टर यांनी चेरोकींना पश्चिमेकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही असे मत धरले.

सर्वच मिशनऱ्यांचे मत एक होते असेही नाही. डॅनियल बुट्रिक यांनी शपथेच्या प्रश्नावर राज्यसत्तेशी झगडा करण्याऐवजी जॉर्जियातून बाहेर पडणे पसंत केले होते. परंतु १८३८ साली हेच बुट्रिक एका तांड्याबरोबर अखेरपर्यंत चालत गेले, आणि छावण्यांतील व वाटेवरील हालांची त्यांची रोजनिशी ही आज या घटनेची एक प्रमुख साक्ष मानली जाते. ज्यास आपण आरंभी कच्च्या मनाचा समजलो असतो, त्याच्याच लेखणीने मेलेल्यांची नोंद राखली. केवळ चरित्रग्रंथ वाचून हे कळत नाही. पत्रे व रोजनिशी वाचावी लागते.

त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की 'मिशनरी हेरल्ड'मध्ये छापलेले पत्र हे मिशनऱ्याने लिहिलेले संपूर्ण पत्र नसते. संपादक त्यातील उतारे निवडीत, आणि मासिक ज्यांच्या देणग्यांवर काम चालत असे अशा वाचकांसाठी निघत असे. म्हणून छापील मजकूर हे एक साधन, हस्तलिखित हे दुसरे साधन आणि दोहोंतील फरक हे तिसरे साधन होय.

हीच कसोटी चेरोकी पक्षाच्या कागदांनाही लावली पाहिजे. 'चेरोकी फीनिक्स' हे चेरोकी राष्ट्राचे अधिकृत पत्र होते. स्थलांतराच्या बाजूचे मत छापण्यास रॉस यांनी मनाई केली, तेव्हा बूडिनॉट यांनी ऑगस्ट १८३२ मध्ये संपादकपद सोडले. म्हणजे त्यानंतरच्या अंकांत विरोधी मत दिसत नाही याचा अर्थ ते मत समाजात नव्हते असा होत नाही. त्या मताचा शेवटही रक्तरंजित झाला : करारावर सही केल्याबद्दल बूडिनॉट यांना २२ जून १८३९ रोजी स्वकीयांनीच ठार मारले.

६. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय?

१८३५ साली सरकारने चेरोकी लोकांची शिरगणती केली. तीत १६,५४२ चेरोकी आढळले, आणि त्यांच्याकडे १,५९२ कृष्णवर्णीय गुलाम होते. हे गुलामही त्याच वाटेने चालत गेले. त्यांनी त्या वेळी लिहिलेली पत्रे नाहीत, कारण त्यांस लिहू दिलेले नव्हते. यास्तव अन्यायग्रस्तांची गोष्ट सांगतानाही तिच्या आत दडलेल्या दुसऱ्या अन्यायाचा विसर पडण्याचा संभव असतो.

अशा मुक्या माणसांचा आवाज पूर्णपणे हरवतोच असे मात्र नाही. १९३६ ते १९३८ या वर्षांत सरकारी लेखक प्रकल्पाने पूर्वीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या. त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर असून त्यांत ओक्लाहोमा राज्यातील, म्हणजे चेरोकी लोक जेथे नेले गेले त्या भूमीतील, मुलाखतीही आहेत. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संग्रहात १९३७ साली घेतलेल्या इंडियन व वसाहतवाल्यांच्या मुलाखतींचे शंभराहून अधिक खंड आहेत. पण येथेही सावध राहावे. सांगणारे वृद्ध, मंदीच्या काळाने गांजलेले. विचारणारे पुष्कळदा गोरे आणि सरकारी. आणि सांगणाऱ्याची बोली लिहिणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे उतरविलेली. साक्ष खरी असूनही ती दुसऱ्याच्या हातून आलेली आहे.

कधी कधी असा आवाज अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. मे १८१७ मध्ये चेरोकी स्त्रियांनी आपल्या राष्ट्रसभेकडे, आणखी जमीन सोडून देऊ नये, असा अर्ज केला. त्या वर्षी त्यांच्याशी जमिनीचा करार घडवून आणणारे सरकारी आयुक्त होते अँड्र्यू जॅक्सन. तो अर्ज आज जॅक्सन यांच्याच कागदपत्रांत जतन झालेला आहे. ज्यांच्या विरुद्ध त्या माता बोलल्या त्यांच्याच दप्तराने त्यांचे शब्द सांभाळले. यावरून संशोधकाने एवढे शिकावे की पीडितांची साक्ष शोधताना प्रतिपक्षाची दप्तरे टाळू नयेत.

७. यंत्राच्या मर्यादा

संगणकावरील शोध शब्दांच्या आधारे चालतो, आणि हे शब्द यंत्राने जुन्या पानांच्या प्रतिमांवरून वाचलेले असतात. पान फाटके वा शाई पुसट असेल तर यंत्र चुकीचे वाचते, आणि मग हवा असलेला मजकूर समोर असूनही शोधात येत नाही. इंग्रजी अक्षरांसाठी घडविलेल्या यंत्रास सेकोयाची अक्षरे ओळखता येत नाहीत. परिणामी 'चेरोकी फीनिक्स'च्या इंग्रजी स्तंभांपर्यंत शोध पोहोचतो आणि चेरोकी स्तंभ, जे त्या समाजाच्या सामान्य माणसांसाठी होते, ते बाजूस राहतात. शोधात काही मिळाले नाही याचा अर्थ काही नव्हते असा कधीही करू नये.

नावांच्या लेखनातही एकवाक्यता नसते. बुट्रिक यांच्या इंग्रजी नावात कोठे एक 'टी' तर कोठे दोन आढळतात. आपल्याकडील विषय शोधतानाही हा अनुभव येतो : जुन्या इंग्रजीत 'माहरट्टा' आणि 'अहमदनुग्गुर' असे लेखन असल्याने आजच्या वर्णलेखनाने शोधल्यास ते खंड हाती लागत नाहीत. यास्तव शब्द बदलून बदलून शोधावे, यंत्राने वाचलेल्या पाठावर न विसंबता मूळ पानाची प्रतिमा पाहावी, मागचे व पुढचे पान वाचावे, आणि संस्थेचे नाव, संग्रह, दिनांक व पृष्ठांक लगेच टिपून ठेवावेत. ज्याचा ठावठिकाणा सांगता येत नाही तो कागद दुसऱ्यास तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्यास पुरावा म्हणता येत नाही.

८. ब्रेनर्ड आणि मुंबई

ज्या अमेरिकन बोर्डाने १८१७ साली चेरोकी प्रदेशात ब्रेनर्ड हे ठाणे उभारले, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले होते. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तोच होय. ज्या १८३१ सालच्या उत्तरार्धात वूस्टर व बटलर यांस शिक्षा झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील ठाणे सुरू झाले. पुढे १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघाले. दोन्ही मिशनांची पत्रे एकाच कार्यालयात जात, एकाच संपादकवर्गाच्या लेखणीखालून जात आणि 'मिशनरी हेरल्ड'च्या एकाच खंडात छापली जात.

म्हणून चेरोकी प्रकरणाचा अभ्यास हा आमच्या मते परक्या देशाचा अभ्यास राहत नाही. तिकडे छापील पत्र आणि हस्तलिखित यांत फरक असेल, तर तो इकडील पत्रांतही असणार. तिकडे चेरोकी माणसे जशी मिशनऱ्यांच्या वाक्यांतून आपल्यासमोर येतात, तशीच आपल्या पहिल्या पिढ्यांतील मराठी ख्रिस्ती माणसेही येतात : नावाने, कधी नुसत्या जातीच्या उल्लेखाने, आणि बहुधा तिसऱ्या पुरुषात. चेरोकींजवळ त्यांचे 'फीनिक्स' होते, अर्ज होते. आपल्या पूर्वजांचे स्वतःचे शब्द कोठे आहेत, हा प्रश्न विचारणे आपणास भाग आहे. गावोगावच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या, मंडळीच्या सभांची टिपणे, घरातील जुनी पत्रे, शाळेचे दाखले, ही ती साधने होत. त्यांची अवस्था काय आहे हे प्रत्येक धर्मगुरूने आपल्या ठिकाणी पाहावे. अमेरिकेचे कागद सुखरूप आहेत. त्यांच्या प्रतिमा जगभर पोहोचल्या आहेत. आपल्या नोंदवह्यांस मात्र वाळवी व पावसाळा यांवाचून दुसरा वाचक नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते.

धर्मशिक्षकांसाठी व सेमिनरीतील विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक छोटा अभ्यास सुचवितो. 'मिशनरी हेरल्ड'चा १८३२ सालचा खंड उघडावा. त्यातील जॉर्जियाच्या तुरुंगासंबंधीची पत्रे व मराठी मिशनची पत्रे एका बैठकीत वाचावीत. कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, कोणास उद्देशून बोलतो आणि कोण गप्प आहे, हे चार रकाने करून लिहून काढावे. त्यानंतर त्याच वर्षाचे 'चेरोकी फीनिक्स'चे दोन अंक वाचून चौथ्या रकान्यातील किती नावे पहिल्या रकान्यात येतात ते पाहावे. शेवटी आपल्या गावाच्या सर्वांत जुन्या नोंदवहीचे पहिले पान स्वच्छ प्रकाशात ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, दिनांक टाकून त्याची एक प्रत सेमिनरीच्या ग्रंथालयाकडे पाठवावी आणि वही कोरड्या जागी ठेवावी. एवढे काम एका आठवड्यात होण्यासारखे आहे.